देखरेखीचे मोल आणि देखरेखीचा विषय : इंटरनेट-दूरध्वनीच्या गुणवत्तामापनातील बँडविड्थचा हिशेब

१

इंटरनेटवरून ध्वनी वाहून नेण्याची व्यवस्था जेथे उभी राहते तेथे दोन प्रश्न उपस्थित होतात. बोलणाऱ्याचा आवाज ऐकणाऱ्यापर्यंत कितपत चांगल्या स्थितीत पोहोचतो, हा पहिला. आणि तो कसा पोहोचतो हे सतत पाहत राहण्यासाठी त्याच वाहिनीचा किती भाग खर्ची पडतो, हा दुसरा. पहिला प्रश्न गुणवत्तेचा आहे. दुसरा बँडविड्थचा, म्हणजे दर सेकंदास वाहून न्यावयाच्या बिटांच्या संख्येचा आहे. हा दुसरा प्रश्न निव्वळ अंकगणिताचा असल्यामुळे तो अभियंत्यांनी सोडवावा, भाषाशास्त्राने त्यात लक्ष घालण्याचे कारण नाही, असा एक समज रूढ आहे. हा समज तपासून पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय.

देखरेखीचा खर्च मोजण्यापूर्वी देखरेख कशाची करावयाची हे ठरलेले असावे लागते. प्रचलित हिशेबांत ते ठरलेलेही असते. मात्र ते कोणी बोलून दाखवीत नाही. अंकांच्या आड एक गृहीतकृत्य दडलेले असते, आणि ते असे की, पॅकेटे सुखरूप पोहोचली म्हणजे बोलणे सुखरूप पोहोचले. बोलणे म्हणजे काय, हे सांगणे ज्या शास्त्राचे काम आहे त्याला या गृहीतकृत्याची तपासणी टाळता येणार नाही. ती करावयाची तर प्रथम तो हिशेब त्याच्या स्वतःच्या अटींवर नीट मांडून पाहिला पाहिजे.

२

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९७२ मध्ये स्वीकारलेली जी.७११ ही ध्वनिसंकेतन-पद्धती घेऊ. ती दर सेकंदास ६४ किलोबिट निर्माण करते. हा प्रवाह बहुधा २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत विभागला जातो. म्हणजे प्रत्येक पॅकेटात ध्वनीचे १६० बाइट असतात आणि सेकंदास ५० पॅकेटे निघतात. प्रत्येक पॅकेटावर आयपीचे २०, यूडीपीचे ८ व आरटीपीचे १२, असे एकूण ४० बाइटांचे शीर्षभाग चढतात. २०० बाइट, गुणिले ८, गुणिले ५० : एका दिशेस ८० किलोबिट. दोन्ही दिशांस मिळून १६० किलोबिट. ईथरनेटचे वेष्टन मोजले तर हा आकडा आणखी वाढतो. परंतु आयपीच्या पातळीपर्यंतचा हिशेब येथे पुरेसा आहे. जी.७२९ या काटकसरीच्या पद्धतीत ध्वनी केवळ ८ किलोबिटांचा असतो. मात्र शीर्षभाग तेवढेच राहत असल्याने प्रत्यक्ष खर्च एका दिशेस २४ किलोबिट होतो. पत्रापेक्षा पाकीट दुप्पट जड, अशी ही स्थिती आहे.

आता देखरेखीकडे वळू. आरटीपीबरोबर आरटीसीपी नावाचा एक सोबती-नियम योजलेला आहे. प्रथम १९९६ च्या आरएफसी १८८९ मध्ये आणि नंतर २००३ च्या आरएफसी ३५५० मध्ये तो सविस्तर मांडला गेला. या नियमानुसार संभाषणातील प्रत्येक पक्ष ठराविक अंतराने आपला अहवाल धाडतो. पाठविणाऱ्याच्या अहवालाचा आरंभभाग ८ बाइट, पाठवणीची माहिती २० बाइट आणि आलेल्या प्रवाहाविषयीचा एक वृत्तखंड २४ बाइट, असे ५२ बाइट होतात. त्यास पाठविणाऱ्याची ओळख सांगणारा भाग जोडावा लागतो. ओळखनाम सोळा अक्षरचिन्हांचे धरले तर तो २८ बाइट भरतो. एकूण ८० बाइट, त्यावर यूडीपी व आयपीचे २८. म्हणजे १०८ बाइट. असा अहवाल दर पाच सेकंदांनी जातो असे धरले तर १०८ गुणिले ८ भागिले ५, म्हणजे एका दिशेस सेकंदास सुमारे १७३ बिट. हे ८० किलोबिटांच्या सव्वादोन सहस्रांशांहूनही कमी, नेमके सांगावयाचे म्हणजे शेकडा ०.२२ इतके होते.

एकाच वेळी एक हजार संभाषणे चालू आहेत असे कल्पिले तर ध्वनीसाठी १६० मेगाबिट आणि अहवालांसाठी सुमारे ३४६ किलोबिट लागतील. वाहिनीच्या दृष्टीने हा खर्च जवळजवळ नगण्य आहे.

३

असे असताना पुष्कळ ठिकाणी देखरेखीसाठी ध्वनीच्या शेकडा पाच बँडविड्थ राखून ठेवावी, असा आडाखा बांधलेला आढळतो. त्याप्रमाणे ८० किलोबिटांच्या एका प्रवाहामागे ४ किलोबिट लागावयास हवेत. प्रत्यक्षातील १७३ बिटांच्या तो तेवीसपट आहे. एवढी तफावत कोठून येते?

तिचे मूळ आरएफसी ३५५० मधील एका वाक्याच्या वाचनात आहे. त्या लेखात आरटीसीपीसाठी सत्राच्या बँडविड्थपैकी शेकडा पाच भाग ठेवावा, अशी शिफारस आहे खरी; परंतु ती खर्चाचा अंदाज म्हणून नव्हे, तर खर्चाची मर्यादा म्हणून केलेली आहे. हा नियम मुळात अनेकांच्या सामूहिक परिषदांचा विचार करून रचला गेला. परिषदेत बोलणारा बहुधा एकच असतो, पण अहवाल देणारे शेकडो असू शकतात. श्रोत्यांची संख्या वाढत गेली आणि प्रत्येकाने आपल्या मनाप्रमाणे अहवाल धाडले तर अहवालांच्या गर्दीत मूळ ध्वनीच गुदमरेल. म्हणून सर्वांच्या अहवालांना मिळून एक सामाईक कुंपण घातले गेले. श्रोते वाढले की दोन अहवालांमधील अंतर आपोआप वाढते. शंभर श्रोत्यांच्या परिषदेत प्रत्येकाची पाळी सुमारे वीस ते पंचवीस सेकंदांनी येईल. श्रोते थोडे असतील तेव्हा मात्र दुसरी अट लागू होते : दोन अहवालांमधील किमान अंतर पाच सेकंदांचे असावे. सर्वांचे अहवाल एकाच क्षणी निघू नयेत म्हणून हे अंतर अर्धपट ते दीडपट या मर्यादांत अनियमित ठेवले जाते. सरासरीवर त्याचा परिणाम होऊ नये याची योजनाही त्याच लेखात आहे. दोन माणसांच्या संभाषणात ही दुसरी अटच निर्णायक ठरते आणि पाच टक्क्यांच्या कुंपणाशी पोहोचण्याचा प्रसंगच येत नाही.

मर्यादेला मोजमाप समजणे हा एक वाचनदोष आहे, आणि तो केवळ अज्ञानातून उद्भवलेला नाही. 'किती लागेल?' या प्रश्नाला एक सुटसुटीत टक्केवारी हाताशी असली म्हणजे 'कशासाठी लागेल?' हा प्रश्न विचारण्याची निकड राहत नाही. अहवालात काय लिहिलेले असते, हे न पाहताच त्याची किंमत ठरविता येते. वस्तुतः किंमत कमी की अधिक यापेक्षा ती देऊन काय हाती येते, हेच अधिक महत्त्वाचे आहे.

४

वर सांगितलेल्या २४ बाइटांच्या वृत्तखंडात मुख्यत्वे तीन गोष्टी असतात : किती पॅकेटे हरवली, आलेल्या पॅकेटांच्या आगमनकाळात किती अनियमितता होती, आणि जाण्यायेण्यास लागलेल्या वेळेची गणना करता येईल अशा काही कालखुणा. ही सर्व टपालखात्याची माहिती झाली. पत्रे किती गहाळ झाली आणि किती उशिरा आली एवढे ती सांगते; पत्रात काय होते याच्याशी तिला कर्तव्य नाही.

ही उणीव ओळखून २००३ मध्येच आरएफसी ३६११ ने विस्तारित अहवालांची सोय केली. त्यातील इंटरनेट-दूरध्वनीसाठीचा खंड ३६ बाइटांचा आहे. त्याच्या आरंभभागासह ४४ बाइट धरले तर एकूण अहवाल १५२ बाइटांचा होतो आणि खर्च एका दिशेस सुमारे २४३ बिटांवर जातो. हजार संभाषणांस दोन्ही दिशांनी ४८६ किलोबिट. याखेरीज २०१० च्या आरएफसी ६०३५ मध्ये संभाषण संपताच मजकुराच्या स्वरूपात एक गोषवारा धाडण्याची रीत सांगितली आहे. असा गोषवारा १५०० बाइटांचा आणि संभाषण सरासरी तीन मिनिटांचे मानले तर हजार समकालीन संभाषणांमागे त्यास सुमारे १३३ किलोबिट पुरतात.

विस्तारित अहवालात पॅकेटे सुटीसुटी हरवली की झुंडीने, आवाजाची व गोंगाटाची पातळी काय होती, प्रतिध्वनी किती होता, अशी पुष्कळ उपयुक्त माहिती असते. शेवटी निर्णय असतो : आर-गुणांकासाठी एक बाइट, आणि ऐकण्याच्या व संभाषणाच्या गुणवत्तेविषयी सरासरी मत-गुणांकाचे प्रत्येकी एक बाइट. पाच सेकंदांत बोललेल्या ध्वनीचे ४०,००० बाइट एका बाजूस आणि त्यावरील निवाड्याचा एक बाइट दुसऱ्या बाजूस, असे हे प्रमाण आहे. निवाडा संक्षिप्त असण्यास हरकत नाही. परंतु तो कोणत्या पुराव्यावर दिला गेला, हे पाहिले पाहिजे.

सरासरी मत-गुणांक हा मुळात माणसांच्या कानांचा निवाडा आहे. संघाच्या पी.८०० या १९९६ च्या शिफारशीत त्याची रीत दिली आहे. श्रोत्यांस लहान लहान वाक्ये ऐकवावयाची आणि त्यांनी उत्कृष्टपासून वाईटपर्यंतच्या पाच पायऱ्यांवर मत द्यावयाचे. मतांची सरासरी तो गुणांक. अहवालातील गुणांक मात्र कोणी ऐकून दिलेला नसतो. तो बहुधा जी.१०७ या शिफारशीतील ई-प्रतिमानावर आधारलेल्या सूत्राने काढलेला असतो. ९३.२ या मूळ अंकातून उशीर, संकेतन व पॅकेटहानी यांच्याबद्दलचे दंड वजा करीत जावयाचे, अशी ही रीत आहे. जी.७११ आणि लुप्त पॅकेटांची भरपाई यांसाठी प्रचलित असलेला २५.१ हा सहनांक घेतला आणि शेकडा दोन पॅकेटे अनियमितपणे हरवली असे मानले, तर दंड सुमारे ७ पडतो. आर-गुणांक ८६ च्या आसपास राहतो आणि मत-गुणांक ४.२ निघतो. पाचांपैकी ४.२, म्हणजे 'चांगला'हून थोडा वर.

येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, जी.१०७ ही शिफारस स्वतःस प्रेषणनियोजनाचे साधन म्हणविते. जाळे उभारण्यापूर्वी त्याची सर्वसाधारण योग्यता अजमावण्यासाठी ती आहे. प्रत्यक्ष ग्राहकाचे मत वर्तविण्यासाठी नाही, असा इशाराही तीत आहे. नकाशा आखण्याचे साधन पुढे पंचनाम्यासाठी वापरले गेले. दुसरी गोष्ट अधिक मूलगामी आहे. सूत्रात हानीचे प्रमाण शिरते, फार तर तिची झुंडशाही शिरते. पण काय हरवले, हे कोठेही शिरत नाही. शेकडा दोन म्हणजे सेकंदास एक पॅकेट, वीस मिलिसेकंद. कोणते वीस मिलिसेकंद, हा प्रश्न सूत्राच्या दृष्टीने निरर्थक आहे. भाषेच्या दृष्टीने तोच एक प्रश्न अर्थपूर्ण आहे.

५

वाक्प्रवाहात माहिती सर्वत्र सारखी पसरलेली नसते. दीर्घ स्वराच्या मध्यभागातील वीस मिलिसेकंद गेले तर काहीच बिघडत नाही. मागचे आवर्तन पुन्हा वाजवून भरपाईची यंत्रणा ती फट बेमालूम बुजविते. स्पर्शवर्णाच्या स्फोटाचे तसे नाही. तो स्फोट अनेकदा एका पॅकेटाहून लहान असतो, आणि त्याच्या आधी मुखाच्या पूर्ण अवरोधामुळे क्षणभर शांतता असते. स्फोटाचे पॅकेट गेले तर भरपाईची यंत्रणा मागे पाहते. तिला शांतता दिसते, आणि ती शांततेचीच पुनरुक्ती करते. कानाला खरखर लागत नाही, तुटल्यासारखे वाटत नाही. आवाज स्वच्छ राहतो आणि वर्ण नाहीसा होतो. सर्वांत त्रासदायक हानी आणि सर्वांत अर्थघातक हानी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून उघड व्हावे.

मराठीच्या वर्णव्यवस्थेत या प्रश्नास विशेष धार आहे. सात आणि साठ या शब्दांत फरक केवळ अंत्य व्यंजनाचा. दंत्य त आणि मूर्धन्य ठ यांची ओळख कानाला दोन ठिकाणी पटते : एक, आधीच्या आकाराच्या शेवटच्या काही दशक मिलिसेकंदांत, जेथे जीभ मूर्ध्याकडे वळू लागताच स्वराच्या अनुनादांची दिशा बदलते, आणि दोन, अवरोध सुटल्यावरच्या स्फोटात व महाप्राणाच्या श्वासात. शब्दान्ती महाप्राण आधीच क्षीण होतो. अशा वेळी स्वराच्या अखेरचे एक पॅकेट गेले आणि त्या जागी आधीचेच आवर्तन भरले गेले, तर जिभेचे वळणे पुसले जाते. साठ हा शब्द सातच ऐकू येईल असे नाही; परंतु भेदाचे दोन आधार होते, त्यांपैकी बळकट आधार गेला असे होते. भाव सांगताना, रक्कम सांगताना, औषधाचे प्रमाण सांगताना या एका पॅकेटाचे मोल काय, हे निराळे सांगण्याची गरज नाही. तर आणि थर, वेल आणि वेळ, मन आणि मण ही युग्मेही अशाच अल्पजीवी खुणांवर उभी आहेत.

दुसरे उदाहरण हानीचे नसून मूळ व्यवस्थेचेच आहे. जगणे या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप जग आणि विश्व या अर्थाचा जग हा शब्द, यांचे लेखन एक असले तरी उच्चार भिन्न आहेत. पहिल्यात दंत्य ज आहे, दुसऱ्यात तालव्य. चारा आणि चार यांतील च-काराचा भेदही असाच. दंत्य उच्चारातील घर्षणाची शक्ती बहुतांशी ४००० हर्ट्झच्या वर असते. तालव्याची तिच्या बरीच खाली सुरू होते. परंपरागत दूरध्वनीचा पट्टा ३०० ते ३४०० हर्ट्झचा आहे. म्हणजे भेदाचा मोठा भाग पट्ट्याबाहेरच राहतो. १९८८ च्या जी.७२२ या पद्धतीत हा पट्टा ५० ते ७००० हर्ट्झपर्यंत रुंदावला, आणि तोही त्याच ६४ किलोबिटांत. अर्थात् दोन्ही पद्धतींचा बँडविड्थचा हिशेब अक्षरशः एक आहे; ऐकू येणारी मराठी मात्र एक नाही. ई-प्रतिमानाच्या मूळ मापपट्टीवर अरुंद पट्टा हा दोष धरलाच जात नाही, तो आरंभबिंदू आहे. २०११ च्या जी.१०७.१ ने मापपट्टी १२९ पर्यंत वाढवून रुंद पट्ट्याची दखल घेतली, तेव्हा ९३.२ हे पूर्णत्व नव्हते हे मागाहून मान्य झाले. तथापि हाही निवाडा एकूण श्रवणसुखाचाच राहिला; भेदांची स्वतंत्र मोजदाद त्यात आली नाही.

६

या टीकेवर एक वजनदार आक्षेप घेता येण्याजोगा आहे, आणि तो भाषाशास्त्र व मानसशास्त्र यांच्याच भांडारातून येतो. मानवी बोलणे अत्यंत पुनरुक्तिमय असते. ऐकणारा केवळ कानाने ऐकत नाही, तो अपेक्षेने ऐकतो. मिलर आणि लिक्लायडर यांनी १९५० मध्ये दाखविले की, बोलण्याचा निम्मा काळ छाटून टाकला तरी छाटणीची गती योग्य असल्यास बहुसंख्य शब्द कळतात. मिलर, हाइज आणि लिख्टन यांच्या १९५१ च्या प्रयोगांत तोच शब्द एकटा असताना जेवढा कळे त्याहून वाक्यात पुष्कळ अधिक कळला. रिचर्ड वॉरन यांनी १९७० मध्ये एका इंग्रजी शब्दातील स-कार पूर्णपणे काढून त्या जागी खोकल्याचा आवाज घातला. श्रोत्यांना शब्द अखंडच ऐकू आला. मन जर स्वतःच भरपाई करीत असेल तर वीस मिलिसेकंदांसाठी एवढा शोक कशाला?

आक्षेप खरा आहे, परंतु त्याची व्याप्ती मर्यादित आहे. मन भरपाई करते ती संदर्भाच्या जोरावर. कुशलवृत्त, गप्पा, सूचना यांत संदर्भ भरपूर असतो. विशेषनामे, गावांची नावे, घरक्रमांक, रकमा, गुप्तसंकेतांचे अंक यांत तो जवळजवळ नसतो. १९५१ च्या त्याच प्रयोगांत अंक फार सुलभतेने ओळखले गेले, कारण श्रोत्यास निवड थोड्याच पर्यायांतून करावयाची होती. पण पर्याय थोडे असणे पुरत नाही, ते परस्परांपासून दूरही असावे लागतात. मराठीत सात आणि साठ एकाच संख्यामालेत नांदतात. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांचा अर्धाअधिक भाग समान आहे. येथे अपेक्षा साह्य करीत नाही. प्रसंगी ती फसविते, कारण चुकलेला शब्दही तितकाच संभाव्य असतो आणि ऐकणाऱ्यास आपण चुकीचे ऐकले याचा संशयही येत नाही. ज्या हानीची तक्रार होत नाही ती मत-गुणांकात कधीच उमटणार नाही.

मिलर आणि नाइसली यांनी १९५५ मध्ये सोळा इंग्रजी व्यंजनांची तपासणी करून जे दाखविले ते या संदर्भात बोलके आहे. गोंगाटात घोष-अघोष आणि अनुनासिक हे भेद तगून राहतात; उच्चारस्थानाचा भेद लवकर ढासळतो. मराठी ज्या भेदावर दंत्य, मूर्धन्य आणि तालव्य अशा तीन ओळी उभ्या करते, नेमका तोच भेद सर्वांत नाजूक आहे. एकाच मत-गुणांकाचा अर्थ सर्व भाषांत एकच असतो, हे गृहीत धरण्यापूर्वी याचा विचार व्हावयास हवा.

७

मग देखरेख अधिक सखोल करावयाची तर बँडविड्थ किती लागेल? येथे दोन मार्ग संभवतात.

पहिला मार्ग सर्व ध्वनिप्रवाहाची प्रत काढून एका मध्यवर्ती ठिकाणी पाठविण्याचा. त्याचा हिशेब सोपा आणि निराशाजनक आहे : हजार संभाषणांसाठी आणखी १६० मेगाबिट, म्हणजे देखरेख ध्वनीइतकीच महाग. शिवाय २००४ च्या आरएफसी ३७११ प्रमाणे ध्वनी गुप्तलेखित असेल तर मध्यस्थास शीर्षभाग तेवढे वाचता येतात. क्रमांक तपासून तो हरवलेली पॅकेटे मोजू शकतो, बोलणे ऐकू शकत नाही. म्हणजे १६० मेगाबिट खर्चून तो पुन्हा टपालाच्या नोंदवहीशीच येऊन थांबतो. आणि गुप्तलेखन नसेल तर दुसऱ्यांची संभाषणे ऐकण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न उभा राहतो. हा मार्ग येथेच सोडून देणे योग्य.

दुसरा मार्ग चाचणी-संभाषणांचा. ज्ञात ध्वनी एका टोकास वाजवावयाचा आणि दुसऱ्या टोकास काय पोहोचले ते पाहावयाचे. २००१ ची पी.८६२ आणि २०११ ची पी.८६३ या शिफारशी याच जातीच्या आहेत. त्या मूळ व प्राप्त ध्वनीची तुलना करून पुन्हा मत-गुणांकच काढतात. परंतु या मार्गात वेगळा प्रश्नही विचारता येतो. विल्यम व्हॉयर्स यांच्या निदानात्मक यमक-चाचणीत ९६ शब्दयुग्मे आहेत. प्रत्येक युग्मातील शब्द केवळ आद्य व्यंजनाच्या एका भेदक लक्षणाने निराळे आहेत. श्रोत्याने दोहोंपैकी कोणता शब्द ऐकला ते सांगावयाचे. उत्तर आवडीनिवडीचे नसून बरोबर की चूक एवढेच असते, आणि चूक कोणत्या लक्षणात झाली हेही कळते. ही चाचणी इंग्रजीसाठी रचलेली आहे. तीतील सहा लक्षणांत मराठीचा महाप्राण आणि मूर्धन्य यांस स्वतंत्र स्थान नाही, आणि केवळ आद्य व्यंजन तपासल्याने सात-साठ यांसारखा अंत्य भेद तिच्या कक्षेबाहेर राहतो. म्हणून तिचे भाषांतर उपयोगाचे नाही. मराठीसाठी मराठीच्या भेदांवरून नवी यादी रचली पाहिजे.

अशा यादीचा खर्च काढून पाहावा. शंभर शब्द, प्रत्येकास तीन सेकंद. एकूण पाच मिनिटांचे संभाषण. दोन्ही दिशांच्या १६० किलोबिटांप्रमाणे ४८,००० किलोबिट, म्हणजे ६ मेगाबाइट. ही चाचणी तासातून एकदा घेतली तर सरासरी भार सेकंदास १३.३ किलोबिट पडतो. वीस वेगवेगळ्या मार्गांवर घेतली तर सुमारे २६७ किलोबिट. हजार संभाषणांच्या विस्तारित अहवालांचा खर्च ४८६ किलोबिट होता, हे येथे आठवावे. म्हणजे जी देखरेख भाषेचे भेद तपासते ती, केवळ पॅकेटे मोजणाऱ्या देखरेखीच्या निम्म्याहून थोड्याच अधिक बँडविड्थमध्ये बसते.

या तुलनेचा विपर्यास होऊ नये. चाचणी-संभाषण मार्गाची परीक्षा करते, प्रत्येक चालू संभाषणाची नाही. अमक्या वेळी अमक्याचे बोलणे बिघडले का, हे अहवालच सांगू शकतात. शिवाय चाचणीचा खरा खर्च वाहिनीत नसून श्रोत्यांत आहे : शब्दयादी रचणारे अभ्यासक, ती स्पष्टपणे वाचणारे भाषक, ध्वनिमुद्रणे ऐकून उत्तरे देणारे कान. म्हणून दोहोंपैकी एकाची निवड करावी असे सुचविणे हा येथील हेतू नाही. अहवाल टपालाची नोंद ठेवोत. त्या कामी ते उत्तम व स्वस्त आहेत. मात्र त्या नोंदीला बोलण्याच्या गुणवत्तेचे नाव देताना संयम पाळला पाहिजे.

८

या विवेचनातून निघणारा निष्कर्ष थोडक्यात असा. देखरेखीच्या बँडविड्थचा अंदाज चुकतो तो बहुधा गुणाकारात नव्हे, तर गुणाकारापूर्वी. शेकडा पाचांची मर्यादा मोजमाप म्हणून वाचली गेली, नियोजनाचे सूत्र निवाडा म्हणून वापरले गेले, आणि आवडीचा गुणांक आकलनाचा गुणांक म्हणून स्वीकारला गेला. तिन्ही ठिकाणी अंक बरोबर आहेत; त्यांनी ज्याची जागा घेतली ती वस्तू निराळी आहे. अंदाजाचा क्रम उलटा असावयास हवा : प्रथम काय जाणून घ्यावयाचे ते ठरवावे, मग ते कोणत्या साधनाने कळेल ते पाहावे, आणि अखेरीस त्याचे बिट मोजावे. हा क्रम पाळला तर सखोल देखरेख महाग असते, ही समजूतही टिकत नाही.

यातील पहिली पायरी अभियंत्यांवर सोपवून भाषाशास्त्राने अलिप्त राहणे उचित नाही. मराठीतील भेदक युग्मांची, आद्य, मध्य व अंत्य अशा तिन्ही स्थानांस धरून रचलेली आणि विविध बोलींच्या भाषकांकडून पारखून घेतलेली यादी सिद्ध करणे, हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील काम आहे. त्याला यंत्रशाळा लागत नाही. लक्षपूर्वक ऐकण्याची शिस्त लागते. दंत्य व तालव्य च-काराचा भेद सर्व बोलींत एकाच शब्दांत आढळत नाही, अंत्य महाप्राणाची स्थिती सर्वत्र सारखी नाही. म्हणून ही यादी करता करताच वर्णनात्मक अभ्यासाचे कितीतरी प्रश्न वर येतील. मत-गुणांक ४.२ असलेल्या वाहिनीवरून साठ हा शब्द साठच पोहोचतो की नाही, याचे उत्तर आज कोणत्याही अहवालाच्या कोणत्याही बाइटात नाही. ते मिळविण्यासाठी लागणारी बँडविड्थ, वर दाखविल्याप्रमाणे, उपलब्ध आहे.